आठ कुठं गेला?

आज जवळ कागद-पेन्सिल असेल तर बरं. कॅल्क्युलेटर नको.

कागदावर नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनंच गुणा. दुकानातल्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्याच मावत नाही, गुणाकाराचं तर नावच सोडा. हातानं मात्र सोपं आहे. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडं सरकवून लिहायची आणि उभी बेरीज करायची. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढण, मग उतार. १७ अंकांची ही संख्या उलटी वाचली तरी तीच!

अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिलं. कापरेकर देवळालीचे शाळामास्तर. आपल्या राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा नव्हे बरं का, नाशिकजवळचं देवळाली. १९३० ते १९६२ त्यांनी तिथं शिकवलं. ही कल्पना ज्या रेल्वे स्टेशनात सुचली, त्याचंच नाव त्यांनी संख्यांना दिलं. ते आजचं डोंबिवली. त्यांच्या या छंदाला गणितातली मंडळी फारशी किंमत देत नसत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, आणि मग त्यांचं नाव जगभर झालं.

आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज होते ८१. आणि ८१ नं तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर 'हर्षद' म्हणत, म्हणजे आनंद देणारी. भागाकार किती? १२३४५६७९ चा वर्ग. नीट बघा, यात आठ नाही.

एकदा वर्गात मी विचारलं, दहा एक घेतले तर? एका मुलानं झटकन फळ्यावर लिहिलं: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. मी 'शाब्बास' म्हणून मोकळा झालो. रात्री जेवणानंतर सहज गुणाकार मांडला, आणि माझी शाब्बासकी चुकली होती! खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१.

असं का व्हावं? नऊ ओळींत कुठल्याच उभ्या रांगेची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येतच नाही. दहा ओळी झाल्या की मधल्या रांगेत दहा एक येतात. शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळाला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो जातो आठात, आणि आठाचा होतो नऊ. चढणीवरचा आठ असा गेला. उलटसुलट सारखेपणाही गेला. अंकांची बेरीज झाली ८२, आणि विषम संख्येला ८२ नं भाग जाणार कसा? म्हणजे हर्षदही नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं फळ्यावर मांडलं आणि चूक कबूल केली. त्या मुलानं विचारलं, "सर, मग अकरा एकांचं काय?"

ते मी इथंही सांगत नाही. कागद अजून तुमच्यासमोरच असेल.