शिवनेरीच्या दगडावरची नावे



या कार्यक्रमात शिवनेरी किल्ल्याविषयी चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, त्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका आहे. वर्गात सांगते तसेच सोप्या भाषेत सांगेन.

शिवनेरी म्हणजे काय, असे मुलांना विचारले की लगेच उत्तर येते, "शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो किल्ला." उत्तर अगदी बरोबर आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी जिजाऊंच्या पोटी महाराज तिथे जन्मले. गडावरच्या शिवाई देवीवरून त्यांचे नाव ठेवले, असे सांगतात. पण गडाची गोष्ट त्या दिवशी सुरू झाली नाही. त्याच्या कितीतरी शतके आधी माणसांनी त्या डोंगरात छिन्नी-हातोडा चालवला होता.

शिवनेरी पुणे जिल्ह्यात, जुन्नर गावाला लागून आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. देशावरून कोकणात कल्याण बंदराकडे जाणारी जुनी वाट या घाटातून उतरते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजांच्या काळात व्यापारी या वाटेने माल नेत-आणत. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे म्हणतात. जवळच्या गुहेत नागनिका राणीचा मोठा शिलालेख आहे.

व्यापार आला तशी वस्ती वाढली, आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदली गेली. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत अशी दोनशेच्या आसपास लेणी आहेत. शिवनेरीच्या कड्यांतही ती आहेत. भिक्षूंना राहायला लहान खोल्या, बसायला दगडी बाक आणि पावसाचे पाणी साठवायला टाकी. उन्हाळ्यात त्या डोंगरावर पाणी मिळणे कठीण, म्हणून टाके खोदून देणे हे मोठे पुण्याचे काम होते.

हे सगळे कोणी करून दिले? ते आपल्याला दगडच सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख कोरलेले आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस या दोन विद्वानांनी १८८१ साली ते वाचून छापले. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले, असे एका लेखात आहे. इतर लेखांत बांबूकाम करणारे आहेत, काशाची भांडी घडवणारे आहेत. म्हणजे हाताने काम करणाऱ्या माणसांची आठवण दगडावर राहिली आहे.

त्यांत तीन लेख मला फार जवळचे वाटतात. ते यवनांचे आहेत. यवन म्हणजे त्या काळी पश्चिमेकडून, समुद्रापलीकडून आलेले लोक. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनाचा मंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचे दर्शनी काम करून दिले. ही माणसे परक्या मुलखातून आली, तिथे राहिली, तिथल्या लोकांसाठी पाण्याची आणि जेवणाची सोय केली. आपले नाव मात्र त्यांनी सोडले नाही. ते तिथल्याच भाषेत, तिथल्याच लिपीत कोरून ठेवले. प्रत्येक लेख जेमतेम एका ओळीचा आहे. त्या एका ओळीमुळे आज आपण त्यांना नावाने ओळखतो.

पुढे डोंगराचा गड झाला. यादव गेले, बहामनी आले. मग निजामशाही आली आणि तिचा संस्थापक मलिक अहमद याने जुन्नरहून आपला कारभार सुरू केला. गडाला एकामागून एक सात दरवाजे आहेत. वर अंबरखाना म्हणजे धान्याचे कोठार आहे, गंगा-जमुना ही टाकी आहेत, बदामी तलाव आहे, शिवाईचे देऊळ आहे आणि कमानी मशीदही आहे. ज्याचे राज्य आले त्याने काहीतरी बांधले, पण जुने पाणी सगळेच प्याले.

सगळे काही गोड नाही. सन १६५० च्या सुमारास महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध बंड केले. ते मोडल्यावर कोळ्यांना गडावर आणून मारले. ती जागा आजही कोळी चौथरा म्हणून दाखवतात. किती माणसे मेली असतील! पण त्यांची नावे कोणी कोरली नाहीत.

आता महाराजांकडे येते. ते लहान असतानाच शिवनेरी सोडून गेले. १६३७ च्या सुमारास गड मोगलांकडे गेला. मोठेपणी महाराजांनी तो घेण्याचा प्रयत्न केला, पण यश आले नाही. १६७३ साली जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर तिथे गेला होता. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा साठा गडावर आहे, असे त्याने लिहिले. ज्यांनी इतके किल्ले घेतले, त्या महाराजांना आपले जन्मस्थान काही परत मिळाले नाही. त्यांनी राजगड उभा केला, रायगडावर राज्याभिषेक करून घेतला. मराठ्यांच्या हाती शिवनेरी आला तो पेशव्यांच्या काळात, आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला.

त्याच इंग्रजांच्या राज्यात आपले पूर्वज मुंबई बंदरात जहाजावर चढले. त्यांतले पुष्कळजण कोकणातले होते. त्यांनीही जन्माचे गाव सोडले, आणि बहुतेकांना ते पुन्हा दिसले नाही. ते पोर्ट लुईला उतरले, आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढले आणि उसाच्या शेतांत राबले. पायऱ्या, बांध, विहिरी, देवळे हे त्यांचे कोरीव काम.

तेव्हा मला शिवनेरी दोन गोष्टी शिकवतो. पहिली ही, की जन्मस्थान सुटले म्हणून माणूस लहान होत नाही. दुसरी ही, की केलेले काम मागे राहते, पण करणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय राहत नाही. इरिल राहिला. कोळी चौथऱ्यावरची माणसे हरवली.

आपल्या पूर्वजांचे काय करायचे, हे आता आपल्या हातात आहे. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. त्यांत नाव आहे, क्रमांक आहे, बापाचे नाव आहे, गाव आहे. पण कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. कुठे गावाचे नाव बिघडले, कुठे बापाचे नाव आडनाव होऊन बसले. ते ओळखू शकतील अशी म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. आजी गेली की तिच्याबरोबर गावाचे खरे नावही जाते.

म्हणून आई-वडिलांना माझी एक विनंती आहे. या गणेश चतुर्थीला घरातले सगळे जमतील, झाकरी होईल, मोदक होतील. त्या दिवशी एक वही काढा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा आणि मुलाच्या हाताने मराठीत एक ओळ लिहून घ्या. पहिला कोण आला, कुठल्या गावाहून आला, कुठे राबला आणि त्याने काय बांधले. बाईचे नाव विसरू नका. ती त्याच जहाजातून आली होती.

एक ओळ पुरे आहे. जुन्नरच्या यवनांनीही एकच ओळ लिहिली होती.