बाळ कामावर आलंच आहे



डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं, तेव्हा देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन विधानभवनात आल्या. तो फोटो सगळीकडे झळकला. पाठोपाठ तिथं स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्षाची सोय झाली, कौतुकही झालं. पुढे मुंबईच्या अधिवेशनात त्याच कक्षाच्या अवस्थेबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. ते मात्र आपण लवकर विसरलो.

त्याच डिसेंबरात इकडे पालघर जिल्ह्यात, वैतरणेच्या खोऱ्यात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होता. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबं उचल घेऊन वाडा, वसई, पालघरच्या भट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडापर्यंत. तिथं मजुरी जोडप्याची, हजार विटांमागे ठरलेली. ऊन चढायच्या आत विटा पडायला हव्यात, म्हणून मध्यरात्र उलटली की चिखल तुडवायला सुरुवात. अशा वेळी तान्हं मूल ठेवायचं कुठं? गावाकडच्या घराला कुलूप असतं. मग जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण बसवायची. तिची शाळा तिथंच सुटते. त्या बाळाच्या आईला कुणी विचारत नाही, की बाळ कामावर आणलंस ते योग्य का.

म्हणून 'आईबापांनी बाळ कामावर आणावं का' हा प्रश्न मला पालघर जिल्ह्यापुरता तरी उशिरा आलेला वाटतो. बाळ आलेलंच आहे. ते कामाच्या जवळ असावं, पण कामात नसावं, एवढंच माझं म्हणणं आहे. बोईसरकरांना याचं कारण सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, माणसं दगावली, आणि जखमींमध्ये लहान मुलंही होती. रिअॅक्टर, बॉयलर, यंत्रमाग यांच्या आसपास मुलाला जागा नाही. ऑफिसातही, खरं सांगायचं तर, टेबलाशेजारी पाळणा बांधून आईचं भलं होत नाही. एक दिवस अडचण आली तर ठीक. रोजचं झालं की ती एका पगारात दोन कामं करते आणि दोन्हीकडची बोलणी खाते.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला आपल्याला परदेशी जायचं कारण नाही. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी इथंच बोर्डीला काम सुरू केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत ती धाकट्या भावंडांमुळे आणि गुरांमुळे, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच हलवली. अंगणात बालवाडी नेली, गुरं चरतात तिथं कुरणशाळा भरवली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालायची. धाकटं पाळण्यात, थोरली वर्गात! इतकी साधी गोष्ट, पण ती सुचायला अंगणात जाऊन बसावं लागतं.

आता कायद्याकडे येऊ. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट होती, पण पुढे ती तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या कारखान्याला लागू झाली. म्हणजे मोजायच्या बायका. ज्याला पाळणाघराचा खर्च नको होता, त्याला तिसावी बाई घेतल्यावर थांबायचा मोह होणारच होता, हे सांगायला तज्ज्ञ नको. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला, रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. इथं स्त्री-पुरुष सगळे मोजले गेले, हे चांगलं. पण दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा दिली ती फक्त आईला. बापानं काय फाटकाबाहेर उभं राहायचं?

त्याच सुधारणेत एक उपयोगी गोष्ट होती: पाळणाघर स्वतंत्र काढा किंवा इतरांबरोबर सामाईक. आपल्याकडे छोटे कारखाने पुष्कळ, त्यातही कामगार ठेकेदाराकडचे. प्रत्येक जण म्हणणार, माझ्याकडे पन्नास कुठं आहेत? अशा दहा-वीस कारखान्यांनी मिळून वसाहतीबाहेर, बोईसर स्टेशनच्या बाजूला एक पाळणाघर चालवायला काय हरकत आहे? स्टेशन म्हणतो ते मुद्दाम. विरार, सफाळे, पालघरहून डहाणू लोकलनं येणाऱ्याला गाडीतून उतरल्यावर मूल घेऊन रिक्षा शोधत फिरणं परवडत नाही.

भट्टीवर हे जमणार नाही, तिथं पन्नासाचा हिशेबच लागत नाही. तिथं मला २००५ च्या रोजगार हमी कायद्यातली मूळ तरतूद आठवते. कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, की मजूर बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची, अशी ती होती. या कायद्यानं मुलं मोजली. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवून दाखवल्या आहेत, तेव्हा जागेचं कारण मालकांनी सांगू नये. अडतं ते मजुरीपाशी. विटांच्या हिशेबात मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या नावावर एकही वीट पडत नाही. तिची हजेरी दिवसावर धरावी लागेल आणि ती रक्कम मालकानं इतर जोडप्यांच्या हजारी दरातून कापून घ्यायची नाही, हे हंगाम सुरू होण्याआधी, उचल देतानाच ठरायला हवं.