हळदीतली गाणी कोण निवडतं?



लग्नसराई सुरू झाली, की आमच्याकडे एका विषयावरचे निरोप वाढतात. हुंड्यावर नाही, जेवणावळीच्या खर्चावर नाही, गाण्यांवर. "आजकालच्या गाण्यांत काही राहिलं नाही." "हळदीत लेकीसोबत बसायची लाज वाटते." "पोट्टे मुद्दाम तेच गाणं पाच-पाच वेळा लावतात." आणि त्यातच एका कॉलेजातल्या पोरीचा निरोप होता: "तुम्ही बाया गाण्यांना नावं ठेवता, अन् झिंगाट लागलं की सगळ्यात आधी तुम्हीच उठता."

तिचं म्हणणं आम्हाला आवडलं. 'सैराट' 2016 साली आला. त्यानंतर झिंगाटाशिवाय झालेली वरात आमच्या भागात शोधून सापडायची नाही. पाय थिरकतात त्यात लाज कसली? पण पाय थिरकतात म्हणून कान बंद करायचे, हेही काही खरं नाही. म्हणून आज आम्ही या गाण्यांवरच बोलायचं ठरवलं.

पहिल्यांदा ते जुनं रडगाणं बाजूला ठेवू. 'आमच्या वेळची गाणी चांगली, आताची वाईट' हे वाक्य आपल्या सासूने म्हटलं, तिच्या सासूनेही म्हटलं असेल. 1952 साली दिल्लीत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. सिनेमाची गाणी थिल्लर आहेत, लोकांची आवड बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. आता विचार करा, ही कुठल्या काळातली गोष्ट? नौशाद, शंकर-जयकिशन, लता मंगेशकर यांच्या ऐन बहराचा हा काळ. आज आपण ज्याला सोन्याचा काळ म्हणतो, तो तेव्हाच्या मंत्र्यांना बिघडलेला वाटत होता.

मग लोकांनी काय केलं? त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि श्रीलंकेचं स्टेशन धरलं. त्याच 1952 साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. बिनाका म्हणजे दातांची पेस्ट. दर बुधवारी रात्री अमीन सयानी गाण्यांचे नंबर सांगत आणि लोक रेडिओभोवती गोळा होत. शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं, आणि 1957 साली विविध भारती सुरू झाली. गाणं वरून बंद करून बंद होत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

गीतमालेत गाण्याचा नंबर ठरायचा तो दुकानांत किती रेकॉर्डी विकल्या आणि श्रोत्यांचा कौल काय, यावर. आता नंबर कशावर ठरतो, हे जरा समजून घेऊ. आताचा हिशोब मोबाइलवर आहे. यूट्यूबवर किती वेळा पाहिलं, रीलमध्ये किती जणांनी वापरलं. स्पॉटिफायसारख्या ॲपवर गाणं 30 सेकंद वाजलं, की ते एकदा ऐकलं असं धरतात. म्हणजे गाणाऱ्याची सगळी धडपड पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्हाला पकडून ठेवायची. म्हणून लांबलचक सुरुवात गेली, दुसरं-तिसरं कडवं गेलं, आणि डोक्यात बसणारी एकच ओळ पहिल्यापासून आपटायला लागली. यंत्राने गाणं कापणं नवीन नाही म्हणा. जुन्या काळ्या तव्याच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून तेव्हाची गाणी तेवढीच. पण त्या तीन मिनिटांत गोष्ट सांगून व्हायची. तीस सेकंदांत गोष्ट सांगता येत नाही, नुसता इशारा करता येतो.

आणि हा नंबर कोणाच्या हातून वाढतो? आपल्याही. भाजी चिरता चिरता लेकरू रडू नये म्हणून मोबाइल हातात दिला, त्यावर एकच गाणं वीसदा वाजलं, की वीस वेळांची नोंद झाली. गाणं आवडलं का, असं कोणी विचारत नाही. नंबर एकचं गाणं म्हणजे सगळ्यांना आवडलेलं गाणं, हा समज म्हणून डोक्यातून काढा.

आता शब्दांकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथेच आहे. हे दुखणं आपल्या नागपुरात पोलीस ठाण्यापर्यंत गेलेलं आहे. पंजाबी-हिंदी रॅप गाणारे यो यो हनी सिंग यांच्यावर अश्लील गाण्याच्या तक्रारीवरून 2015 साली पाचपावली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. 2022 साली नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना आवाजाचा नमुना द्यायला सांगितलं, आणि त्यासाठी ते नागपुरात आले. आरोप खरा की खोटा, ते ठरवणं कोर्टाचं काम, आमचं नाही. आमचं लक्ष गेलं ते वर्षांकडे. गुन्हा नोंदल्यापासून आवाजाचा नमुना घेईपर्यंत सात वर्षं. 2015 साली आठवीत असलेली पोरगी तोवर पदवीधर झाली. त्या सात वर्षांत ती कितीतरी हळदींना गेली, आणि मांडवात काय काय वाजलं, ते तिने निमूट ऐकलं.

'खलनायक' सिनेमातल्या चोळीच्या गाण्याचंही असंच. 1993 साली त्यावरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टातही गेलं. आणि 2024 साली तेच गाणं नव्या सिनेमात नव्या साजात परत आलं, तेव्हा फारसं कोणी काही बोललं नाही. आपण सरावलो.

इथे आमच्या गटात दोन तट पडले. एका मावशींचं म्हणणं, शृंगाराची गाणी घरात नकोतच. आम्हा बाकीच्यांना ते पटलं नाही. लावणीत शृंगार नाही का? सुलोचना चव्हाण यांनी आयुष्यभर ठसकेबाज लावण्या गायल्या, त्याही अंगभर पदर घेऊन. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि दुसऱ्याचं कशाला, आपल्या भुलाबाईच्या गाण्यांत सासरच्या माणसांची कशी साल काढलेली असते! आपल्या विदर्भात भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. त्या गाण्यांत सासू, नणंद, नवरा कोणी सुटत नाही. लग्नात व्याह्याला आणि विहिणीला दिलेल्या गाण्यांतल्या शिव्या तर आम्हाला या रेडिओवर सांगताच यायच्या नाहीत. तेव्हा आपण काही सोवळ्या नाही. आपली जीभ आधीपासूनच तिखट.

मग फरक कुठे आहे? आमच्या मते फरक आहे बोलणारं कोण, यात. भुलाबाईच्या गाण्यात बाई बोलते आणि बाया हसतात. लावणीत बाई स्वतःचं मन सांगते. (लावण्या बहुतेक पुरुषांनी लिहिल्या, हे आम्हाला माहीत आहे. पण निदान 'मी' म्हणते ती बाई.) आजच्या नंबरातल्या कितीतरी गाण्यांत बाई बोलतच नाही. तिच्याबद्दल बोललं जातं. तिची कंबर, तिचा रंग, तिचे कपडे. ती नाही म्हणाली तर तिचा माग काढणारा, आणि दारूच्या बाटलीसोबत तिची मोजदाद करणारा. तिचं नाही म्हणणं ही तिथे नखऱ्याची गोष्ट असते. हे गाणं बसस्टँडवर पोरीला पाहून मोबाइलवर लावलं जातं, तेव्हा ते गाणं राहत नाही, ती छेड होते. पोरी आम्हाला हेच सांगतात. "तो काही बोलला नाही, त्याने फक्त गाणं लावलं."

फक्त गाणं लावलं, यालाही कायदा लागू होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत असावं. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हणणं किंवा अश्लील बोलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइल लावून पोरीला लक्ष्य केलं, तर बाईचा विनयभंग आणि लैंगिक छळ यांचीही कलमं आहेत. तातडीची मदत लागली तर 112 नंबर फिरवायचा.

चाल वेगळी आणि शब्द वेगळे, हेही लक्षात ठेवा. 'जत्रा' सिनेमातलं कोंबडीचं गाणं आठवतं ना? लहान लेकरंही त्यावर नाचायची. त्याच अजय-अतुल यांनी तीच चाल 2012 साली हिंदी 'अग्निपथ'मध्ये चिकनी चमेलीला दिली. ठेका तोच. शब्द बदलले, कॅमेरा बदलला, आणि गाणं घरातून उठून दारूच्या अड्ड्यावर गेलं. म्हणून कोणी म्हणालं, 'काकू, गाणं जाऊ द्या, म्युझिक पाहा,' तर त्याला सांगा, म्युझिक पाहिलं, आवडलंही, आता शब्दांचं बोल.

आणि सगळंच नासलंय असं मुळीच नाही. 2024 साली 'गुलाबी साडी' हे मराठी गाणं देशभर वाजलं. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला मुलगा. मागे कुठला मोठा सिनेमा नाही. गाण्यात काय आहे? छान साडी नेसलेली बाई आपल्या माणसाला म्हणते, माझा फोटो काढ. एवढंच! पण तिला नटायचं आहे ते तिच्या हौसेनं, आणि मागणंही तिचंच आहे. गावोगावच्या बायांनी त्यावर रील केल्या, साठीच्या आजीबाईंनीसुद्धा. त्यात थोर काव्य नाही, आम्हीही तसं म्हणत नाही. पण मांडवात चार पिढ्या एकत्र ऐकू शकतात. लग्नातल्या गाण्याकडून आणखी काय पाहिजे?

रॅप म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण मधुरा घाणे नावाची महादेव कोळी समाजातली मुलगी 'माही जी' या नावाने रॅप करते, आणि जंगल, आदिवासी, ऊन, पाणी यांवर बोलते. आपल्या वैशाली माडेचं नाव तर तुम्हाला माहीतच आहे. विदर्भाच्या मातीतून निघून 2009 साली हिंदी सारेगमप जिंकली, आणि 'बाजीराव मस्तानी'तल्या पिंगा गाण्यात श्रेया घोषालसोबत गायली.

आता आमचं खरं सांगणं. हळदीत काय वाजणार, हे ठरवतं कोण? डीजेचे पैसे नवरीचा बाप देतो, कधी कर्ज काढून देतो, आणि गाणी ठरवतात गाडीजवळ उभे असलेले चार पोट्टे. संदल असो की डीजे, इसार देताना कोणी गाण्यांचं बोलत नाही. भाडं, वेळ, लाईट एवढंच बोलतात. इसार देतानाच गाण्यांची यादी द्यायची. यादी नवरीला आणि तिच्या मैत्रिणींना करू द्या, त्यांना तुमच्याहून जास्त गाणी माहीत आहेत. पेनड्राइव्ह आपला, गाणी आपली. यादीबाहेरचं वाजलं तर उरलेले पैसे कापू, असं आधीच कागदावर लिहून घ्यायचं. भांडण मांडवात करायचं नाही, पाहुण्यांसमोर ते निभत नाही.

दुसरं, आवाज. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. डीजेची भिंत याच्या किती पुढे जाते, ते मोजायला यंत्र लागत नाही. घरातली भांडी थरथरायला लागली की समजायचं. तान्ह्या लेकराच्या आणि म्हाताऱ्या माणसाच्या कानाला, छातीला याचा त्रास होतो. ग्रामसभेत हा विषय घ्यायला काहीच हरकत नाही. महिला ग्रामसभेत तर जरूर घ्या.

काही घरी 'पोरांचा हिरमोड होईल' म्हणून हे करायला नको वाटतं. पोरांचाही विचार करू. त्यांच्या आवडीची पाच गाणी यादीत ठेवा, फक्त ती आधी घरात सगळ्यांसमोर वाजवून ऐका. आईसमोर, बहिणीसमोर ज्याला ते गाणं ऐकवताना मान खाली घालावी लागते, तो आपणच ते यादीतून काढतो. आमच्या गटातल्या दोघींनी हे करून पाहिलं. एकीकडे पाचातली दोन गाणी गेली, दुसरीकडे एकही नाही. दुसरीच्या घरी पोरगा म्हणाला, "यात काय वाईट?" मग त्यावर तासभर वाद झाला, लग्न बाजूला राहिलं. तो वाद झाला हे आम्हाला बरंच वाटलं.

शेवटी एक मागणं. सामुदायिक रेडिओवर निम्मे तरी कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागाने व्हावेत, असं सरकारी धोरण आहे. म्हणजे तुमचा आवाज आम्हाला पाहिजेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता 'परी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आपल्याकडच्या भुलाबाईच्या आणि हळदीच्या गाण्यांसाठी आपल्यालाच बसावं लागेल. या वर्षी भुलाबाई बसली की गावातल्या जुन्या बायांजवळ मोबाइल ठेवा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, आणि त्यांना गाऊ द्या. मधे थांबवून अर्थ विचारू नका, गाणं झाल्यावर विचारा. पाठवताना गाणारीचं नाव, गावाचं नाव आणि गाणं कोणाकडून शिकली तेवढं सांगा, आणि रेडिओवर लावायला तिची हरकत नाही ना, तेही विचारून घ्या. शिव्यांची गाणी असली तरी पाठवा. ती वाजवता येतील का, ते आम्ही बसून ठरवू.