निकाली कुस्तीचे शेवटचे मल्ल

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये स्टॅनिस्लॉस झिबिस्को हा धिप्पाड पोलिश मल्ल गादीवर पालथा पडला आणि पडूनच राहिला. पाठीवर हिंदुस्थानचा पहिलवान गामा होता. त्याला उताणा करण्याची गामाची खटपट अडीच तासांहून अधिक चालली. अखेर कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. निकालासाठी आठवड्याने, १७ सप्टेंबरला, पुन्हा जोड ठरली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडे ही गोष्ट गामाच्या पराक्रमाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण त्याच अडीच तासांत एका मोठ्या कालखंडाची अडचणही दिसते. साधारण १९०० ते १९२५ हा व्यावसायिक कुस्तीचा जगभरातला सुवर्णकाळ. नाट्यगृहं, सर्कशीचे तंबू, बेसबॉलची मैदानं कुस्तीने भरत. मल्ल बोटीने खंड ओलांडून एकमेकांना आव्हान द्यायला जात. खेळ खरा होता, आणि तो खरा होता म्हणूनच पुष्कळदा पाहायला कंटाळवाणा होता. पुढे कुस्तीचा तमाशा कसा झाला, याचं मूळ इथे आहे.

या काळातला पहिला मोठा पुरुष जॉर्ज हॅकेनश्मिट. आज एस्टोनियात असलेल्या टार्टू गावी १८७७ साली जन्मलेला, ‘रशियन सिंह’ म्हणून गाजलेला. ३० जानेवारी १९०४ रोजी लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात त्याने अहमद मद्राली या तुर्की मल्लाला ४४ सेकंदांत आपटलं. त्यात मद्रालीचा हात निखळला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला टॉम जेन्किन्सला हरवून तो जगज्जेता झाला. मात्र त्याची ताकदच त्याच्या धंद्याला मारक ठरत होती. कुस्ती मिनिटभरात संपली तर तिकीट काढून आलेल्या माणसाने काय पाहावं? त्याचा व्यवस्थापक सी. बी. कॉक्रन याने त्याला समोरच्याला थोडं खेळवायला सांगितलं. हॅकेनश्मिट सचोटीचा माणूस होता, पुढे तत्त्वचिंतनाची पुस्तकं लिहिण्यात रमला. तरीही देखाव्याची पहिली पायरी त्याच्याच कारकिर्दीत पडली, हे नोंदवायला हवं.

त्याला खाली खेचलं ते अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या फ्रँक गॉचने. गॉच शेतकऱ्याचा मुलगा, ‘फार्मर’ बर्न्स या नामांकित वस्तादाचा पठ्ठा. पायाचा पंजा पिळून शरण आणण्याचा त्याचा डाव सगळ्यांना धडकी भरवायचा. ३ एप्रिल १९०८ रोजी शिकागोत दोघे भिडले. गॉचने दोन तास प्रतिस्पर्ध्याला दमवलं आणि अखेर हॅकेनश्मिटने हार मानली. गॉच अंगाला तेल लावून उतरला होता, नियमबाह्य खेळला, अशी तक्रार त्याने नंतर केली. ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागोच्याच कॉमिस्की पार्कवर फेरलढत झाली, तेव्हा जवळपास ३० हजार लोक जमले. हॅकेनश्मिटचा गुडघा सरावात दुखावला होता. ती कुस्ती वीस मिनिटांच्या आसपास आटोपली आणि लोक नाराज होऊन घरी गेले. एक लढत लांबली म्हणून रुचली नाही, दुसरी लवकर संपली म्हणून फसवणूक वाटली.

झिबिस्कोची गाठ गॉचशीही पडली होती. १ जून १९१० रोजी शिकागोत झिबिस्को सलामीचं हस्तांदोलन करायला पुढे झाला. गॉचने तोच क्षण साधून त्याला सहा-सात सेकंदांत चीत केलं. दुसरी फेरीही गॉचनेच जिंकली. सव्वातीन महिन्यांनी लंडनमध्ये गामापुढे झिबिस्को जमिनीला का चिकटून राहिला, याचं उत्तर मला त्या सहा-सात सेकंदांत दिसतं. त्याला भित्रा ठरवणं सोपं आहे. पोटावर पडून बचाव करणं नियमात बसत होतं, आणि जगातल्या सर्वांत धोकादायक माणसाखाली इतका वेळ तग धरणं हीही मल्लविद्याच.

गामाला विलायतेत नेलं आर. बी. बेंजामिन या आयोजकाने, आणि खर्च उचलला बंगालमधले श्रीमंत रसिक शरदकुमार मित्र यांनी. गामाबरोबर त्याचा भाऊ इमाम बक्ष आणि अहमद बक्ष होते. गामा उंचीने मध्यम. तिथल्या मल्लांशेजारी तो बुटकाच दिसे. पण अल्हंब्रा नाट्यगृहात त्याने बेंजामिन रोलर या अमेरिकन डॉक्टर-मल्लाला एकाच दिवशी दोनदा अस्मान दाखवलं. पहिल्यांदा तर दोन मिनिटांच्या आत. इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवलं. अहमद बक्षने मॉरिस देरियाझला हरवलं. तांबड्या मातीत घडलेली ही मंडळी परक्या गादीवर, परक्या नियमांनी, परक्या हवेत खेळत होती, हे विसरता कामा नये. गॉच आणि हॅकेनश्मिट यांच्याशी मात्र गामाची कुस्ती कधीच झाली नाही. त्या काळाची ही सर्वांत मोठी उणीव आहे.

इमाम बक्षचं नाव कोल्हापूरकरांना वेगळ्या कारणाने जवळचं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचं १९१२ साली उद्घाटन झालं, तेव्हाची गाजलेली कुस्ती इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी हे मैदान योजलं. कुठेही बसलं तरी हौद्यातला डाव दिसेल, अशी त्याची रचना आहे. प्रेक्षकाचा विचार त्यांनीही केला, पण तो मैदान बांधताना केला. कुस्तीला हात लावला नाही.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. ४ जुलै १९१६ रोजी नेब्रास्कातल्या ओमाहा इथे जो स्टेकर आणि एड ‘स्ट्रँगलर’ लुईस सुमारे पाच तास लढले. स्टेकर मांड्यांच्या कैचीसाठी प्रसिद्ध, लुईस डोक्याच्या पकडीसाठी. दोघेही अव्वल दर्जाचे, आणि पाच तासांनंतर निकाल बरोबरी. १९२०च्या दशकात लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने यावर तोडगा काढला. वेळेची मर्यादा आली, उचलून आपटण्याचे भपकेदार डाव आले, ठरलेल्या मल्लांचा ताफा गावोगाव फिरू लागला आणि निकाल आधीच ठरू लागले. आपल्या फडात ज्याला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात, तो तिथे रीतसर धंदा झाला. यात दोष एकट्या त्रिकुटाचा नव्हता. लोकांना खरी कुस्ती हवी होती, पण ती बसून पाहण्याचा धीर नव्हता.

त्रिकुटाने वेन मन या फुटबॉलपटूला जगज्जेता केलं. देखणा, उंचापुरा, पण कुस्ती बेताची. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात त्याच्यापुढे उभा केला वय झालेल्या झिबिस्कोला. ठरल्याप्रमाणे झिबिस्कोने हरायचं होतं. तो हरला नाही. त्याने मनला पुन्हा पुन्हा चीत केलं, इतकं उघडपणे की पंचाला त्याला विजयी घोषित करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. ३० मेला सेंट लुईसमध्ये त्याने हाच किताब प्रतिस्पर्धी गटाच्या स्टेकरला दिला, तोही आधी ठरवूनच. म्हणजे मनशी तो खरी कुस्ती लढला, ते नव्या धंद्यातली एक चाल म्हणून. त्याचे पाय असे दोन्ही जगांत होते.

जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला महाराजा भूपिंदरसिंग यांनी त्याला पुन्हा गामापुढे आणलं. हजारोंची गर्दी लोटली होती. दोघेही पन्नाशीच्या घरातले. या वेळी माती होती, आणि गामाला मिनिटभरही लागलं नाही. सतरा वर्षं अडलेला निकाल लागला. झिबिस्को गामाची थोरवी पुढेही मोकळेपणाने सांगत राहिला.

१९५० साली ज्युल्स डॅसिनच्या ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटात झिबिस्कोने ग्रेगोरियस नावाच्या म्हाताऱ्या मल्लाची भूमिका केली. हा ग्रेगोरियस जुन्या ग्रीको-रोमन कुस्तीचा अभिमानी असतो आणि नव्या देखाव्याच्या कुस्तीला कलंक मानतो. नंतर झिबिस्को आपल्या भावाबरोबर, व्लादेकबरोबर, मिसुरी राज्यात शेती करून राहिला आणि तिथेच १९६७ साली वारला. त्या शेतावर आसपासची पोरं कुस्ती शिकायला येत. हार्ली रेस हा त्यांतलाच एक. १९७३ साली तो पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि १९८०च्या दशकात दूरदर्शन संचाच्या पडद्यावर हल्क होगनशी झुंजला. ज्याने व्हाइट सिटीत गामाचा भार अडीच तास पाठीवर सोसला होता, त्याच माणसाने रेसला पहिल्या पकडी शिकवल्या होत्या.