नदीकाठची काठी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमचे नाव छापले, तेव्हा कामगार कायद्यावर काहीतरी ऐकावे लागणार, अशी पुष्कळांची समजूत झाली असेल. बोनस आणि महागाईभत्ता यांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. म्हणून वसंतात थोडा पालट करण्याचे ठरविले. आजचा विषय आहे नदीवर गळ टाकून मासे धरण्याची काठी. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, तेव्हा आपल्याकडे गळ नव्हे, 'गय' म्हटले पाहिजे! जी मंडळी मासे खात नाहीत त्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. काठीची पारख ही खाणाऱ्याइतकीच न खाणाऱ्यालाही ऐकण्यासारखी आहे.

कोणी विचारील, युनियनच्या माणसाने हा रिकामटेकडा विषय का घ्यावा? उत्तर सोपे आहे. रिकामा वेळ हा आमचाच विषय आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी भांडून मिळाली. पण ती कशी घालवावी हे कोणी शिकविले नाही. आज बहुतेकांचा रविवार तळहाताएवढ्या पडद्यात जातो. त्यापेक्षा चार तास नदीकाठी गप्प बसणे आम्हांला अधिक मोलाचे वाटते. त्याला खर्च थोडा, आणि विकत घ्यायची मुख्य वस्तू एकच, काठी. तीच लोक चुकीची घेतात.

हा छंद साहेबाने आणला असे कोणी समजू नये. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण असून गळाने मासे धरण्याची कला त्यात शास्त्रासारखी मांडली आहे. पुढे १८७३ साली मद्रासकडील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढले. आमचे भोई, कोळी आणि भिल्ल बांधव मात्र कोणतेही पुस्तक न वाचता ही विद्या पिढ्यान् पिढ्या जाणतात.

इंग्रजांनी माशांतही जाती पाडल्या. सामन आणि ट्राउट हे खानदानी. बाकी सर्व गोड्या पाण्यातले मासे 'कोर्स', म्हणजे भरड. आपण ज्वारी-बाजरीला भरडधान्य म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. खानदानी मासा जमीनदाराच्या राखीव ओढ्यात, आणि भरड मासा गिरणीकामगाराच्या वाट्याला. शेफील्डचे चाकू-सुऱ्या करणारे कारागीर सुट्टीच्या दिवशी या भरड माशांच्या मागे जात. १८७८ साली शेफील्डचेच खासदार मंडेला यांनी पार्लमेंटात कायदा करवून घेतला, की विणीच्या काळात, १५ मार्च ते १५ जून, हे मासे धरू नयेत. हेच मंडेला १८६० साली नॉटिंगहॅमच्या मोजे-विणकाम धंद्यात मालक आणि कामगार यांचे समेट मंडळ स्थापण्यात पुढे होते. इंग्लंडच्या नद्यांवर ती विणीची बंदी अजून पाळली जाते. नदीची काळजी वाहण्यात तेथे हातावर पोट असणारा माणूस पुढे होता, एवढे ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता काठी. आमचे सांगणे एका वाक्यात आहे: काठी दुकान पाहून निवडू नये; पाणी, मासा आणि आपला हात पाहून निवडावी.

पहिले, पाणी. आपली कांग लहान. उन्हाळ्यात तिच्यात डोहच काय ते राहतात. अशा डोहावर सहा हात, म्हणजे नऊ फूट काठी पुष्कळ झाली. काठावर बाभळी असतात. लांब काठी फांदीत अडकते आणि गळ माशाऐवजी झाडाला लागतो. वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते. तिचा तळ कित्येक ठिकाणी काळ्या खडकाचा. तेथे सात-आठ हात काठी घ्यावी, म्हणजे खडकांवरून दोरा उचलून धरता येतो. तापीची गोष्ट निराळी. तिच्या मातीच्या दरडी उंच. आखूड काठीने वरून गळ सोडला तर दोरा दरडीला घासतो आणि पाणी पात्रात लांबच राहते. तापीवर दहा हातांखाली काठी नको.

दुसरे, मासा. धरणांत बीज सोडल्यापासून रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेकडचे मासे आपल्याकडे मुबलक झाले. चिलापी तर आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आली. चिलापी आणि लहान खवल्या मासा यांना पातळ शेंड्याची हलकी काठी, पाण्यावर बूच आणि गांडूळ किंवा कणकेची गोळी एवढे पुरे. मरळ शेवाळात आणि पाणवनस्पतींत दडून बसतो. गळ लागताच तो आत घुसतो, म्हणून काठी ताठ हवी, त्याला पहिल्या झटक्यातच बाहेर ओढता आले पाहिजे. वाम आणि शिंगाळा तळाशी फिरतात. तेथे दोऱ्याला शिसे लागते, आणि शिशाचे वजन झेलणारा जाड शेंडा लागतो. मोठा रोहू किंवा कटला मात्र ताठ काठीला दाद देत नाही. तो लांब धाव घेतो. काठी वाकली नाही तर दोरा तुटतो. अशा माशाला बुडख्यापर्यंत वाकणारी काठी आणि दोरा सोडायला रीळ, दोन्ही पाहिजेत. संपातही हेच आहे. जो केवळ ताठ राहतो तो मोडतो, आणि जो नुसताच वाकतो त्याच्या हाती काही लागत नाही.

तिसरा आपला हात. काठी खांद्याच्या उंचीवर आडवी धरून हळू हळू शंभर अंक मोजावेत. मनगट दुखू लागले तर ती कितीही नामांकित असो, आपली नव्हे. मग हलकेच झटकावी. शेंडा दोन-तीन हेलकाव्यांत स्थिर झाला तर ठीक. डोलतच राहिला तर काठी मेणचट. शेवटी टोक जमिनीला टेकवून दाबावी. वाक शेंड्याकडून बुडख्याकडे एकसारखा उतरला पाहिजे. मध्येच एखाद्या पेराशी कोपरासारखा कोन झाला, तर मोठा मासा तिला तेथेच मोडणार.

आता पदार्थाविषयी. आपल्या सातपुड्यात होणारा भरीव बांबू म्हणजे मानवेल. कोरड्या जागेचा मानवेल जवळजवळ भरीव निघतो. पोलिसांची लाठी याच जातीची. मोर्चात आमच्या पाठीला तिची ओळख आहे, म्हणून तिच्या गुणांविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकतो! लवचीक, चिवट, सहसा न मोडणारी. एकोणिसाव्या शतकात हाच बांबू 'कलकत्ता केन' या नावाने जहाजांतून विलायतेस आणि अमेरिकेस जाई. तेथे त्याच्या सहा चिरफळ्या डिंकाने जोडून षट्‌कोनी काठ्या करीत आणि त्या चढ्या भावाने विकत. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. खानदेशचा कापूस लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई, ती कथा आपल्याला पाठ आहे. बांबूचीही तीच झाली.

मानवेल घेताना तो तीन वर्षांचा जून असावा. कोवळा सुकल्यावर सुरकुततो. हिवाळ्यात तोडलेला घ्यावा, कारण तेव्हा त्यात रस कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. पेरे जवळजवळ असावीत, बुडाशी अंगठ्याएवढी आणि शेंड्याशी करंगळीहून बारीक. भोके आणि पिवळी भुकटी दिसली तर तो भुंग्याचा माल, परत करावा. सावलीत दोन-तीन महिने वाळवावा, उन्हात नव्हे, तडकतो. वाकडा असेल तर मंद आचेवर शेकून गुडघ्यावर सरळ करावा. मग जवसाचे तेल चोळावे आणि वीतभर अंतरावर सुती दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावेत. गळाचा दोरा केवळ टोकाला बांधू नये. बुडख्यापासून काठीच्या अंगाने पुढे न्यावा, म्हणजे शेंडा मोडला तरी मासा दोऱ्यावर राहतो. तंगूस काठीपेक्षा कमी ताकदीचा असावा. काहीतरी तुटायचेच असेल तर स्वस्त तेच तुटावे. हा माल बुरूडाकडे किंवा बांबूच्या वखारीत मिळतो. झाड म्हणून बांबूवर १९२७ च्या वन कायद्याची जी अडचण होती, ती वनाबाहेरच्या बांबूपुरती २०१७ साली दूर झाली, त्यामुळे शेताच्या बांधावरही तो लावता येतो.

कारखान्यातल्या काठ्यांशी आमचे वैर नाही. काचतंतूची काठी दुसऱ्या महायुद्धानंतर आली. ती जड, पण आडदांड वापर सहन करते आणि नवशिक्याला बरी. कार्बनची १९७० नंतर आली. ती फुलासारखी हलकी, पण दगडावर आपटली की आतून चिरते आणि चीर दिसत नाही. एस.टी.ने जाणाऱ्याला दोन-तीन तुकड्यांची काठी सोयीची. मात्र जितके सांधे जास्त तितका वाक तुटक. सांधा फिरवून पाहावा. खडखडला तर सोडून द्यावी.

यापुढची गोष्ट कान देऊन ऐका. कार्बन हा विजेचा वाहक आहे. दहा-बारा हातांची कार्बनची काठी विजेच्या तारेखाली उभी केली तर मनुष्य जागच्या जागी संपतो. तारेला स्पर्श व्हायलाच पाहिजे असेही नाही, उच्च दाबाची वीज अंतर सोडून उडी मारते. ओला बांबूही या बाबतीत भरवशाचा नाही. आपल्या नद्यांवरून जागोजागी तारा गेल्या आहेत. बसण्यापूर्वी आधी वर पाहावे, मग पाण्याकडे. वळवाचे ढग गरजू लागले की काठी जमिनीवर आडवी ठेवून काठावरून निघावे. सुरक्षिततेची घोषणा कारखान्याच्या भिंतीवर रंगवून भागत नाही, ती सुट्टीच्या दिवशीही पाळावी लागते.

शेवटी, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ती नदी. काठी एका वेळी एकच मासा घेते. सुरुंग सारा डोह घेतो, पिल्लांसकट आणि अंड्यांसकट. पाण्यात स्फोटक उडवून वा विष कालवून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे. तरी ते होते, आणि पाहणारा मान फिरवतो. जो रविवारी काठी घेऊन काठावर बसतो, तो या चोरीचा साक्षीदार होतो, म्हणून आम्हांला काठीवाले पुष्कळ हवेत. त्यांनी आणखी दोन गोष्टी पाळाव्यात. आपल्या माशांची वीण पावसाळ्यात पुराच्या पाण्यात होते. तेवढे महिने काठी आढ्याला टांगावी. शेफील्डच्या कामगारांना विणीचा काळ मोकळा सोडणे जमले, आपल्यालाही जमेल. आणि धरणाच्या किंवा तलावाच्या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असेल, तर विचारल्याशिवाय गळ टाकू नये. आपली ती करमणूक आहे, त्यांची ती भाकरी आहे. दुसऱ्याच्या भाकरीवर करमणूक करणारा युनियनचा सभासद असला तर तो नावापुरताच.

तेव्हा श्रोतेहो, चांगली काठी कोणती? जी आपल्या नदीला पुरते, आपल्या माशाला झेपते, आपल्या हाताला जड होत नाही आणि घरखर्चाला भार होत नाही, ती. मासा मिळो न मिळो, अशी काठी घेऊन बसणाऱ्याला नदीचे पाणी कमी झाले, काळे झाले, वास मारू लागले, हे सर्वांच्या आधी कळते. जामनेरात अशी पन्नास माणसे झाली तर कांगेला पन्नास राखणदार मिळतील. आपण शांतपणे ऐकलेत. इतका शांत श्रोता गळाच्या धंद्यात निश्चित यशस्वी होईल, असे सांगून आम्ही आपली रजा घेतो.