लाखाचा लॅपटॉप घ्यावा का?



घरात लॅपटॉप घ्यायचा आहे.
दुकानदार लाखाचा दाखवतोय.
घ्यावा का?

आधी काम ठरवा, मग किंमत विचारा.

उदाहरण घेऊ मॅकबुक एअरचं.
वजनाला हलका.
बॅटरी दिवसभर साथ देते.
आत पंखाच नाही, म्हणून आवाजही नाही.

पण पंखा नाही, याची दुसरी बाजूही ऐका.
तासन्‌तास व्हिडिओ संपादन केलं, की तो तापतो.
तापला, की वेग आपणहून कमी करतो.

आणखी एक.
त्याची रॅम नंतर वाढवता येत नाही.
स्टोरेजही दुकानात सहज बदलून मिळत नाही.
जे हवं, ते घेतानाच घ्यावं लागतं.
तिथेच बिल फुगतं!

हिशेबासाठी टॅली वापरता?
ती विंडोजसाठी बनलेली आहे, मॅकबुकसाठी नाही.
मग हा लॅपटॉप तुमच्यासाठी सोयीचा नाही.

म्हणून पुन्हा सांगते,
आधी काम, मग किंमत.

टायपिंग, ऑनलाइन वर्ग, बँकेची कामं,
एवढ्यासाठी मधल्या किमतीचा लॅपटॉप पुरतो.
रोज प्रवासात, चार्जरविना काम असेल,
तर मात्र जास्तीचे पैसे वाया जात नाहीत.

आणि हो,
पैसे देण्याआधी दुकानात दोन गोष्टी विचारा.
बॅटरी बदलायला किती खर्च येतो?
आणि सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे?