माथ्यापासून पायथ्यापर्यंत



बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज यांचा हिशेब करतो. आज आपल्या शिवाराचा हिशेब करूया. भूगोल म्हटलं की शाळेचं पुस्तक आठवतं. पण त्यातले कितीतरी शब्द आपल्याच तोंडचे आहेत. सरपणाला, गुरांमागे जाताना आपण म्हणतोच की, माळ, खिंड, सोंड, ओघळ, ओढा.

डोंगराचा सगळ्यात उंच भाग म्हणजे माथा. उंचावरची जमीन सपाट, ऐसपैस असली तर ते पठार. माथ्यावरून खाली उतरत येते ती सोंड. दोन सोंडांच्या मधली खोलगट जागा म्हणजे घळ, आणि तीच मोठी, रुंद असली की दरी. डोंगर संपून रान लागतं तो पायथा. पावसात आधी ओघळी वाहतात, ओघळींचा ओढा होतो आणि ओढे मिळून नदी.

आता एक अवघड वाटणारा शब्द घेऊ, जलविभाजक. आपल्या घराचं छप्पर डोळ्यांपुढे आणा. आढ्यावर पाऊस पडला की थोडं पाणी पुढच्या पाख्यावरून जातं, थोडं मागच्या. डोंगराच्या माथ्याची धार म्हणजे असंच आढं, तोच जलविभाजक. आणि जेवढ्या रानाचं पाणी एका ओढ्याला येतं, तेवढं सगळं त्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र.

आपल्या राज्याचं सगळ्यात मोठं आढं म्हणजे सह्याद्री. महाबळेश्वरला उगवणारी कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, तिथलीच सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे. समुद्रावरून आलेले ढग हा डोंगर चढताना बरेचसे रिकामे होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेकडे माणदेशात जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. डोंगराच्या आडोशाच्या या कोरड्या पट्ट्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

पण ५०० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे चार हजार लिटर पाणी होतं. ५०० मिलिमीटरचं झालं वीस लाख लिटर! ते सगळं काही आपल्याला अडवता येणार नाही. तरी एवढं पाणी अंगावर घेणाऱ्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट का बघावी लागते, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

याचं एक कारण पायाखाली आहे. आपला दख्खनचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला. त्यातला घट्ट काळा पाषाण पाणी मुरू देत नाही. पाणी धरतो तो मुरूम आणि भेगांचा खडक. उतारावरून धावणाऱ्या पाण्याला मुरायला वेळच मिळत नाही. ते जाताना मातीही घेऊन जातं.

म्हणून पाण्याचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. वर डोंगराला सलग समतल चर, ओघळींना अनघड दगडांचे बांध, शेताला बांधबंदिस्ती आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. वरचं काम सोडून आधी बंधारा बांधला तर तो गाळानं लवकर भरतो. मग पैसा गेला, आणि डोईवरचा हंडा काही उतरला नाही.

आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे नुसतं ‘पाणी पाहिजे’ म्हणून थांबू नका. विचारा, ‘आमच्या ओढ्याचं पाणलोट कुठून सुरू होतं? माथ्यावर काम झालं का? यंदाच्या आराखड्यात काय धरलंय?’ नेमका शब्द वापरला की उत्तरही नेमकं द्यावं लागतं.

या आठवड्यात प्रत्येक गटानं शिवारफेरी काढा. ओढ्याच्या काठानं वर वर चालत माथा गाठा. वाटेत किती ओघळी मिळतात, कुठे माती वाहून गेलीय, कुठे मुरूम उघडा पडलाय, ते बघा. परत आल्यावर अंगणात रांगोळीनं गावाचा नकाशा काढा आणि मग तो कागदावर उतरवून सभेला न्या. म्हाताऱ्या बायकांना जरूर बरोबर घ्या. कुठला झरा कधी आटला, हे त्यांना ठाऊक असतं.

पुन्हा भेटू. नमस्कार.